मांजराच्या डोळ्यांचे विकार : ओळख आणि तातडीचे उपाय

मांजर एक डोळा बारीक करून बसले असेल, तर त्या डोळ्यात वेदना आहे असे धरून चालावे. कुत्र्याप्रमाणे ते कण्हत नाही, मालकाजवळ येऊन तक्रार करीत नाही. फार तर कपाटामागे किंवा पलंगाखाली जाऊन बसते. त्यामुळे बहुतेक घरांत ‘काहीतरी लागले असेल, बरे होईल’ असे म्हणून दोन-तीन दिवस जातात. डोळ्याच्या पुढील पारदर्शक आवरणाला, म्हणजे पारपटलाला, झालेला जंतुसंसर्गयुक्त व्रण वितळू लागला, तर डोळा कायमचा निकामी होण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो.

हे टिपण कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने का लिहावे, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे, की संशोधन प्रक्षेत्रे, धान्यगोदामे आणि कर्मचारी वसाहती या ठिकाणी मांजरे हमखास असतात, आणि त्यांच्या डोळ्यांच्या तक्रारींपैकी काही थेट आमच्या विषयाशी येऊन भिडतात : चिलटे, गोचिड-पिसवांवरील औषधे, फवारणीची द्रावणे, उंदीरनाशके. उरलेला भाग पशुवैद्यकशास्त्राचा आहे. तो येथे मालकाने काय पाहावे आणि काय टाळावे एवढ्यापुरताच घेतला आहे.

निरीक्षण

मांजर शांत असताना खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही डोळे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. तुलना ही सर्वांत उपयुक्त कसोटी होय, कारण निरोगी डोळा जवळच उपलब्ध असतो. बाहुल्या सारख्याच आकाराच्या आहेत का? एका बुबुळाचा रंग दुसऱ्यापेक्षा गढूळ, तांबूस किंवा गडद झाला आहे का? खिडकीचे प्रतिबिंब पारपटलावर रेखीव कडांचे दिसते का? ही शेवटची खूण फारशी कोणी पाहत नाही, पण ती विश्वासार्ह आहे. पारपटलाचा पृष्ठभाग खरवडलेला वा कोरडा असेल, तर प्रतिबिंबाच्या कडा तुटक, विरघळल्यासारख्या दिसतात.

नाकाकडच्या कोपऱ्यातून सरकणारी पांढरट तिसरी पापणी एरवी क्वचितच नजरेस पडते. झोपेतून उठताना ती क्षणभर दिसणे वावगे नाही. दोन्ही डोळ्यांत ती सतत वर आलेली राहिली, तर डोळ्यापेक्षा पोटाकडे लक्ष द्यावे : जंत, जुलाब, पाण्याची कमतरता, ताप. एकाच डोळ्यात वर आली असेल, तर त्या डोळ्यात दुखापत, कुसळ किंवा मज्जातंतूंचा विकार संभवतो. गवताचे कुसळ तिसऱ्या पापणीमागे अडकून बसणे हे प्रक्षेत्रावर फिरणाऱ्या मांजरांत, विशेषतः पावसाळा संपून गवत वाळू लागल्यावर, शक्य असते. ते घरी चिमट्याने काढण्याचा प्रयत्न करू नये.

दृष्टी आहे की नाही हे पाहण्यासाठी डोळ्यांसमोर हात हलविणे फसवे ठरते, कारण हाताने हललेली हवा मिशांना जाणवते. त्याऐवजी कापसाचा लहान बोळा वरून अलगद खाली सोडावा. कापूस पडताना आवाज होत नाही आणि वाराही जाणवत नाही. दृष्टी शाबूत असलेले मांजर त्याच्यामागे मान वळविते. मात्र कंटाळलेले मांजरही वळवीत नाही, म्हणून ही चाचणी दोन-तीनदा करावी.

सर्दी आणि पिल्ले

लहान पिल्लांच्या चिकटलेल्या डोळ्यांमागे बहुधा मांजरांचा हर्पीस विषाणू असतो. शिंका, नाकातून स्राव, दोन्ही डोळे लाल आणि चिपडांनी बंद, असे त्याचे चित्र असते. बरे झालेल्या बहुसंख्य मांजरांच्या मज्जातंतूंत हा विषाणू सुप्तावस्थेत आयुष्यभर राहतो आणि बदली, घरबदल, नव्या मांजराचे आगमन किंवा दुसरे एखादे आजारपण अशा ताणाच्या वेळी पुन्हा डोके वर काढतो. आपल्या सेवेत बदल्या होतच असतात. सामानाच्या गाडीबरोबर नव्या गावी पोहोचलेल्या मांजराचा डोळा आठवड्याभरात पाणावला, तर नव्या गावच्या हवा-पाण्याला दोष देण्याआधी या विषाणूचा विचार करावा. हा विषाणू माणसाला लागत नाही. मात्र माणसांच्या हर्पीसवरील सर्व गोळ्या मांजराला चालतात असे नाही : व्हॅलासायक्लोव्हिर मांजराला प्राणघातक ठरू शकते. पशुवैद्यक सामान्यतः फॅमसायक्लोव्हिरचा उपयोग करतात. लायसिनची पूड देण्याची प्रथा अजून रूढ आहे, पण तिच्या उपयुक्ततेस ठोस पुरावा नाही. तो खर्च लसीवर करणे शहाणपणाचे. मांजरांच्या तिहेरी लसीत हर्पीस, कॅलिसी आणि पॅनल्युकोपेनिया या तीन विषाणूंचा समावेश असतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरुवात करून सोळा आठवड्यांपर्यंत तिच्या मात्रा पूर्ण करतात. हर्पीसचा संसर्ग ती पूर्णपणे रोखत नाही, आजाराची तीव्रता मात्र कमी करते.

क्लॅमिडिया या जिवाणूचा संसर्ग वेगळा ओळखता येतो. तो पुष्कळदा एका डोळ्यापासून सुरू होतो, पापण्यांचे आतील अस्तर फुगून गुलाबी पिशवीसारखे बाहेर येते, आणि काही दिवसांनी दुसरा डोळा त्याच वाटेने जातो. उपचार सुमारे चार आठवडे चालतात आणि घरातील सर्वच मांजरांवर करावे लागतात. डोक्झिसायक्लिनची गोळी कोरडी गिळली तर मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे इजा करते, म्हणून गोळीपाठोपाठ थोडे पाणी किंवा ओले अन्न द्यावे.

जन्मलेल्या पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांनी उघडतात. त्याआधीच मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला, तर आत पू साठलेला असतो. डोळे ‘आपोआप उघडतील’ म्हणून थांबू नये; कोमट, ओल्या कापसाने पापण्यांची कड मऊ करून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

थेंबांची एक बाटली

माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा धोका घरातल्याच औषधाच्या कपाटात असतो. माणसांचे डोळे आल्यावर आणलेली थेंबांची बाटली अर्धी उरते. मांजराचा डोळा लाल दिसला, की ती बाहेर निघते. अशा अनेक बाटल्यांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखे स्टेरॉइड मिसळलेले असते. पारपटलावर व्रण असताना स्टेरॉइड पडले, तर जखम भरण्याची क्रिया मंदावते, जंतूंना मोकळे रान मिळते आणि पारपटलातील कोलॅजेन विरघळविणारी विकरे अधिक प्रभावी होतात. पारपटल मेणासारखे मऊ पडून त्याला छिद्र पडू शकते. अडचण अशी, की स्टेरॉइडमुळे लाली पहिल्या दिवशी कमी होते आणि औषध लागू पडले असे वाटते.

व्रण आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. पशुवैद्यक फ्लुओरेसिन या नारिंगी रंगद्रव्याची पट्टी डोळ्याला लावतात. पारपटलाचे वरचे आवरण सोलले गेले असेल, तर तेवढाच भाग निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. चाचणी काही मिनिटांची आणि स्वस्त आहे. लाल डोळ्यात स्टेरॉइड घालण्यापूर्वी ती झाली आहे का, हे विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याने तो बजावावा.

लाली घालविणारे, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे थेंबही मांजराला घालू नयेत; ते चाटले गेले तरी विषबाधा होते. वेदना कमी व्हावी म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणे तर जीवावर बेतते. गुलाबपाणी, तूप, मध, काजळ, बोरिक पावडरचे पाणी हे घरगुती उपाय सद्हेतूने केले जातात, परंतु यांतले काहीही निर्जंतुक नसते.

पर्शियन जातीच्या मांजरांबद्दल दोन शब्द. शहरांत ही जात आता पुष्कळ दिसते. चपट्या चेहऱ्यामुळे तिचे डोळे उघडे पडतात, अश्रूंचा निचरा नीट होत नाही आणि नाकाशेजारचे केस तपकिरी होतात. तो रंग रक्ताचा नसून अश्रूंतील रंगद्रव्याचा असतो. ओल्या कापसाने रोज पुसणे पुरेसे होते. मात्र पारपटलावरच काळपट तपकिरी ठिपका आला, तर तो पारपटलाचा मृत झालेला तुकडा असतो आणि त्यासाठी पुष्कळदा शस्त्रक्रिया लागते. त्याला घाण समजून खरवडू नये.

चिलटे, कीटकनाशके आणि उंदीरनाशके

पावसाळ्याच्या आगेमागे डोळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे भारतीय कीटकशास्त्राच्या परिचयाची आहेत. यांतील सिफन्क्युलिना फ्युनिकोला ही जात लोंबणाऱ्या दोऱ्या, तारा आणि जळमटे यांवर दाटीने बसते. तिच्या नावातच दोरीचा उल्लेख आहे. ही चिलटे डंख मारीत नाहीत, डोळ्यांतील स्राव टिपतात आणि एका डोळ्याचे जंतू दुसऱ्या डोळ्यापर्यंत वाहून नेतात. म्हणून आजारी मांजराच्या डोळ्याचा स्राव दिवसातून दोन-तीनदा पुसणे हा उपचाराचाच भाग आहे. पुसलेला कापूस झाकणाच्या डब्यात टाकावा आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा.

नेत्रकृमी हा विषय त्याहून रंजक आहे. थेलाझिया कॅलिपिडा हा पांढरा, दोऱ्यासारखा, एक ते दोन सेंटिमीटर लांबीचा कृमी कुत्रा, मांजर आणि क्वचित माणसाच्या डोळ्यात पापणीआड राहतो. भारतात माणसांच्या डोळ्यांतून तो काढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्याचा प्रसार अश्रू टिपणाऱ्या माश्या करतात. युरोपात ही माशी फॉर्टिका या प्रजातीची, म्हणजे फळमाशीच्या कुळातली, असल्याचे सिद्ध झाले असून विशेष म्हणजे हे काम तिचे नर करतात. रोगवाहक कीटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मादी डास येते, त्याला हा ठळक अपवाद. डोळ्यात वळवळणारा धागा दिसला, तर तो पशुवैद्यक भूल देणारे थेंब घालून चिमट्याने काढतात.

कीटकांपेक्षा कीटकनाशके अधिक नुकसान करतात. मांजराच्या यकृतात काही रसायनांना ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून निरुपद्रवी करण्याची क्षमता फार कमी असते. पॅरासिटामॉल त्याला विष ठरते ते याच कारणाने, आणि पर्मेथ्रिन मांजरांना इतके घातक असण्यामागेही हेच प्रमुख कारण मानले जाते. कुत्र्याच्या मानेवर टाकावयाचे पर्मेथ्रिनचे तीव्र द्रावण मांजराला लावल्यास काही तासांत थरथर, झटके आणि विस्फारलेल्या बाहुल्या अशी लक्षणे दिसतात. ‘मांजर लहान, म्हणून अर्धे टाकू’ हा हिशेब येथे चालत नाही. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील, तर कुत्र्याला असे औषध लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत आणि पुढेही लेबलावर सांगितलेल्या काळापुरते त्यांना वेगळे ठेवावे. वेष्टनावर मांजराचे चित्र आणि वजनाचा उल्लेख नसेल, तर ते औषध मांजरासाठी नाही असे समजावे.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटाची खूण नेमकी उलट असते. क्लोरपायरिफॉससारख्या द्रावणाने भिजलेल्या कपड्यांवर झोपलेले किंवा फवारलेल्या जागेवरून येऊन पंजे चाटलेले मांजर लाळ गाळते, डोळ्यांतून पाणी येते आणि उजेड कमी असतानाही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहतात. स्नायू थरथरतात, श्वास घरघरतो. हा डोळ्याचा विकार नव्हे, तो डोळ्यात दिसणारा विषबाधेचा इशारा आहे. हातमोजे घालून मांजराला सौम्य साबणाने धुवावे, कोरडे करून उबेत ठेवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलाचे छायाचित्र घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. मांजराला झटके येत असतील, तर मात्र धुण्यात वेळ न घालविता सरळ दवाखाना गाठावा. सक्रिय घटकाचे नाव कळले, की उपचाराची दिशा ठरते. फवारणीचे कपडे उघड्यावर न टाकण्याची शिस्त आपण शेतकऱ्यांना शिकवितो. ती वसाहतीतही पाळली जावी.

गोदामातील मांजराच्या डोळ्यात अचानक रक्त उतरले, तर उंदीरनाशकाची शंका घ्यावी. ब्रोमाडिओलोनसारखी द्रव्ये रक्त गोठण्याची क्रिया थांबवितात आणि त्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजराने खाल्ला, तरी बाधा संभवते. अशा वेळी हिरड्या, लघवी आणि शौचही तपासावी. जीवनसत्त्व के-१ हा त्यावरील उतारा असून तो अनेक आठवडे द्यावा लागतो. गोदामात मांजर ठेवायचे असेल, तर हे विष वापरू नये. दोन्ही उपाय एकाच वेळी करण्यात तर्क नाही.

कुंपणाच्या रुईचा चीक, रंगकामाचा चुना आणि धुण्याची पावडर डोळ्यात गेली, तर पशुवैद्यकाला दूरध्वनी करण्याआधी धुणे सुरू करावे. मेडिकल दुकानात मिळणारे ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक सलाइन उत्तम. ते नसेल तर स्वच्छ पाणी. पंधरा मिनिटे सौम्य धार सोडावी. मांजर टॉवेलात गुंडाळून केवळ डोके बाहेर ठेवल्यास हे काम दोघांना जमते.

दूध-पोळीचे मांजर

शाकाहारी घरांतील मांजराला दूध-पोळी, दूध-भात देण्याची आपली जुनी रीत आहे. पूर्वीचे मांजर दिवसभर उंदीर, पाली, पक्षी मारून आपली गरज भागवीत असे. दूध हे वरचे खाणे होते. पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेत बंद असलेल्या मांजराला ती सोय नाही.

टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही, आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. १९७५ मध्ये के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की केसीन, म्हणजे दुधातील प्रथिन, हाच प्रथिनांचा स्रोत असलेला आहार दिलेल्या मांजरांत टॉरिनची कमतरता होऊन दृष्टिपटलाचा ऱ्हास झाला. १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी याच कमतरतेचा संबंध हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी जोडला. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. कुत्र्यांच्या खाद्यात ते मांजराच्या गरजेइतके असेलच असे नाही, कारण कुत्रा सर्वसाधारणपणे ते स्वतः तयार करू शकतो.

दृष्टिपटलाचा हा ऱ्हास महिनोन्‌महिने, वेदनेशिवाय चालतो. मांजर सवयीच्या घरात आठवणीवर वावरते आणि खुर्ची हलविली, तेव्हाच अडखळते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. टॉरिन देऊन पुढचे नुकसान तेवढे थांबविता येते. कोंबडीचे हृदय, मांडीचे मांस आणि मासे यांत टॉरिन भरपूर असते. ते पाण्यात विरघळते, म्हणून शिजविलेले पाणीही द्यावे. घरात मांसाहार वर्ज्य असेल, तर मांजरासाठी बनविलेले संपूर्ण तयार खाद्य आणावे. स्वतःचा आहार कोणता असावा हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मांजराचा आहार त्याच्या यकृताने आणि दृष्टिपटलाने आधीच ठरविलेला आहे.

दृष्टिपटलाला आणखी एक धोका आपल्या क्षेत्रातूनच येतो. जनावरे आणि कोंबड्यांसाठी वापरले जाणारे एन्रोफ्लॉक्सासिन मांजरालाही देतात, पण दिवसाला प्रति किलो वजनास ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रेने दृष्टिपटलाला इजा होऊन अंधत्व येऊ शकते. वृद्ध आणि मूत्रपिंडाच्या विकाराच्या मांजरांत हा धोका अधिक असतो. कोंबड्यांच्या बाटलीतून अंदाजाने काढलेले ‘चार थेंब’ त्यामुळे कधीही देऊ नयेत.

वृद्ध मांजरे

दहा वर्षांपुढील मांजर एका रात्रीत आंधळे झाले आणि दोन्ही बाहुल्या उजेडातही विस्फारलेल्या राहिल्या, तर उच्च रक्तदाबामुळे दृष्टिपटल सुटल्याची शक्यता मोठी असते. त्यामागे बहुधा मूत्रपिंडाचा विकार किंवा अतिसक्रिय अवटू ग्रंथी असते. मांजराचाही रक्तदाब मोजता येतो. वरचा आकडा सातत्याने १६० च्या पुढे असल्यास काळजीचे, १८० च्या पुढे डोळा, मेंदू आणि मूत्रपिंड यांना गंभीर धोका. पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार सुरू झाले, तर काही मांजरांची दृष्टी अंशतः परतते. त्यामुळे अचानक आलेले अंधत्व ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नये.

वयामुळे खरोखर होणारा बदल म्हणजे नेत्रभिंगाची निळसर धूसरता. तिने दृष्टी फारशी बाधत नाही. बुबुळावर एकाच डोळ्यात नवे तपकिरी डाग आले, तर ते निरुपद्रवी असू शकतात किंवा कर्करोगाची सुरुवातही. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. डाग पसरत असल्याचे पशुवैद्यकाला त्यावरूनच कळते. बुबुळाचा रंग गढूळ होऊन बाहुली बारीक राहणे हे डोळ्याच्या आतील दाहाचे लक्षण होय आणि त्यासाठी रक्ततपासणी लागते, कारण मूळ आजार सहसा शरीरात अन्यत्र असतो.

दवाखान्याकडे

मिटलेला डोळा, धूसर झालेले पारपटल, असमान बाहुल्या, डोळ्यातील रक्त, अचानक अंधत्व आणि जागेवरून बाहेर आलेला डोळा यांसाठी त्याच दिवशी जावे. डोळा बाहेर आला असल्यास तो आत ढकलू नये. सलाइनने भिजविलेले स्वच्छ कापड ठेवून प्रवास करावा. पंजाने खाजवू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी; ती नसल्यास जाड पुठ्ठ्याची तात्पुरती करता येते.

नेत्रतपासणीची साधने प्रत्येक लहान दवाखान्यात असतीलच असे नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये अशा वेळी उपयोगी पडतात : महाराष्ट्रात परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर, राज्याबाहेर असलेल्या आपल्या सहकाऱ्यांसाठी इज्जतनगर, लुधियाना किंवा चेन्नई.

औषध घालताना मांजराच्या मागून, डोके किंचित वर करून, हात कपाळावर टेकवून थेंब सोडावा. समोरून येणारी बाटली त्याला भिवविते. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधे असल्यास त्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि थेंब व मलम दोन्ही असल्यास थेंब आधी.